महिन्याच्या आत परत

आज वॉर्डात ऐंशी ओलांडलेले आजोबा परत आले. हार्ट फेल्युअर, पाय टम्म सुजलेले. घरी वजनकाटा नाही, मग अंगात पाणी साठतंय हे कळणार कसं? जेवण म्हणजे डबाबंद सूप, त्यात मीठच मीठ. डॉक्टरांची तारीख मिळाली होती, पण गाडीने नेणार कोण?

इथे अमेरिकेत मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) २००३-०४ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा दर पाचातला एक पेशंट ३० दिवसांत पुन्हा भरती झालेला दिसला. सगळीकडे सारखं नव्हतंच. सर्वांत जास्त प्रमाणाच्या पाच राज्यांचा दर सर्वांत कमीवाल्या पाच राज्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त! जिथे मुळात चटकन ॲडमिट करतात, तिथे परत येणारेही जास्त, असं पुढच्या अभ्यासात निघालं. आणि ऑपरेशन न होता घरी जाऊन परतलेल्यांपैकी निम्म्यांची मधल्या काळात डॉक्टरांकडे एक फेरीसुद्धा नोंदलेली नव्हती. आमचे आजोबा त्यातलेच.

ऑक्टोबर २०१२ पासून अपेक्षेपेक्षा जास्त पेशंट परत येणाऱ्या हॉस्पिटलांचे पैसे मेडिकेअर कापते, आता ३ टक्क्यांपर्यंत. कापा की! पण त्या दंडातून आजोबांना गाडी थोडीच मिळणार आहे? (हे माझं मत.) उद्या सोशल वर्करला गाठून आधी तेच बघते.