तळ्याकाठचा मुक्काम आणि शेजारचा स्पीकर

प्रवास एकंदरीत छान झाला, रस्ते बरे होते, पावसानेही त्रास दिला नाही. पण आज लिहायचं आहे ते फक्त तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवरच्या एका रात्रीबद्दल. त्या रात्री मला खूप राग आला होता, आणि पुढे जे घडलं ते अजून मनातून जात नाही.

आम्ही दोघी बहिणी उजेडातच पोचलो आणि मुद्दाम टोकाची, झाडांजवळची जागा घेतली. पलीकडे अख्खं मैदान मोकळं होतं. दिवस मावळता मावळता दोन गाड्या आल्या आणि एवढी जागा सोडून त्या मंडळींनी आमच्या तंबूला खेटूनच आपला तंबू ठोकला. इतका जवळ, की त्यांचे दोर आमच्या दोरांवरून गेले. रात्री कुणी बाहेर पडलं असतं तर पाय अडकून नक्की आपटलं असतं. असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. आधीच एखादा तंबू उभा दिसला की लोकांना वाटतं, हीच जागा सपाट आणि चांगली असणार. पण टोकाची जागा धरणारा माणूस ती कशासाठी धरतो, एवढा विचार करायला काय हरकत आहे?

अंधार पडला तसा स्पीकर सुरू झाला. फाटकावर पाटी होती : रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळा. बहुतेक ठिकाणी असाच नियम असतो, आणि लोक त्याचा अर्थ 10 वाजेपर्यंत काहीही चालतं असा घेतात. इथे तर 10 वाजून गेले तरी गाणी चालूच. त्यात तळ्याकाठी रात्री आवाज फार लांब जातो. पाण्यालगतची हवा गार होते, तिच्यावरची त्या मानाने उबदार राहते, आणि वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो. तंबूचं पातळ कापड त्याला काय अडवणार!

शेवटी मी उठून गेले. स्पीकरजवळ एक गृहस्थ उभे होते.

"दादा, गाणी बंद कराल का? दहा वाजून गेलेत."

त्यांनी लगेच आवाज कमी केला. "आता ठीक आहे ना ताई? आता तर आम्हालाच धड ऐकू येत नाहीये."

स्पीकरशेजारी उभं राहून त्यांना खरंच तसं वाटत होतं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "एक मिनिट आमच्या तंबूपाशी येता का? तिथून ऐकून बघा."

ते आले. आधी गाण्याची धडधड ऐकू आली. मग गाणं संपलं, आणि पुढचं सुरू व्हायच्या आत त्यांच्या तंबूतून एका बाईंचा आवाज आला. त्या कुणाला तरी अगदी हळू आवाजात घरातल्या आजारपणाबद्दल सांगत होत्या. शब्द न् शब्द कळत होता. गृहस्थ जागीच थबकले.

"हे सगळं तुम्हाला मघापासून ऐकू येतंय?"

"हो."

ते काही न बोलता परत गेले. स्पीकर बंद झाला आणि त्यांची बोलणीही कुजबुजीवर आली. मलाच अवघडल्यासारखं झालं. ज्या गोष्टी ऐकायचा आम्हाला काहीच हक्क नव्हता, त्या आम्ही संध्याकाळभर ऐकत होतो. आवाजाची तक्रार म्हटलं की सगळे फक्त झोपेचं बोलतात. मला झोपेइतकाच त्रास होतो तो दुसऱ्याच्या घरात असं ढकललं जाण्याचा.

सकाळी त्यांची मुलं नळावर जायला आमच्या तंबू आणि चुलीच्या मधून धावू लागली. मुलांना काय दोष द्यायचा, मोठी माणसंही तशीच जातात. आखून दिलेली जागा म्हणजे त्या मुक्कामापुरतं कुणाचं तरी अंगण असतं. जागा अशा आखायची पद्धत अमेरिकेत रुळली ती एमिलियो माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञामुळे. गाड्या आणि माणसं वाटेल तिथे फिरल्याने माती दबते आणि झाडांची मुळं मरतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून 1930च्या दशकात त्यांनी एकेरी वळणाचे रस्ते, प्रत्येकाला ठरलेली जागा आणि दोन जागांमध्ये राखलेली झुडपं अशी रचना सुचवली. त्या झुडपांतून वाट पाडणारे शेजाऱ्याचा आडोसा तर मोडतातच, वर झाडांच्या मुळांवरही उठतात. हेडलॅम्प थेट दुसऱ्याच्या तंबूवर मारणाऱ्यांनाही मला एवढंच सांगायचंय, की अंधाराला डोळे सरावायला 20-30 मिनिटं लागतात आणि तुमच्या एका झोतात ते सगळं वाया जातं.

चहाच्या वेळी ते गृहस्थ आपणहून आले. म्हणाले, "तंबू हलवतोय. किती लांब नेला म्हणजे पुरे?" मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 5 मीटरवरचा तंबू 40 मीटरवर नेला तर 18 डेसिबलचा फरक. मी तसं सांगितलं आणि त्यांनी खरोखर पावलं मोजत मैदानाचं दुसरं टोक गाठलं. मुलांना रस्त्याने जायलाही त्यांनीच बजावलं. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटला.

मैदानापलीकडच्या जनरेटरचं मात्र काहीच करता आलं नाही. तो दिवसभर घरघरत होता आणि बरोबर 10 ला बंद व्हायचा, त्यामुळे नियमाने बोलायला जागाच नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत 50 फुटांवर 60 डेसिबल ही मर्यादा आहे, म्हणजे तासन् तास कुणीतरी समोर बसून बोलत राहिल्यासारखा आवाज. माझ्या मते एवढी सूटही जास्तच आहे. जनरेटरवाल्यांसाठी वेगळा भाग राखायला हवा. आता जागा ठरवताना मी पाणी, सावली यांच्या आधी तेच विचारते.