दंडावरचा पट्टा, बोटावरची क्लिप: माझा अनुभव

बोटाला क्लिपसारखं लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा खरा आकडा कोणता आणि फसवा कोणता, हे कळायला मला बेळगावच्या एका वॉर्डात अख्खी रात्र जागावी लागली. त्या रात्रीचा राग अजून उतरलेला नाही.

आम्ही निपाणीचे. आईने तीस वर्षं विड्या वळल्या आणि त्याहून जास्त वर्षं चुलीवर रांधलं. सीओपीडीचं, म्हणजे श्वासाच्या नळ्या अरुंद होत जाणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं, निदान झालं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "हिची ऑक्सिजनची लेव्हल ८८ ते ९२ टक्के. अठ्ठ्याण्णवच्या मागे लागू नका." अशा काही पेशंटना ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो.

जानेवारीतली सकाळ. आई गार पाण्यात भांडी विसळून उठली, जरा धापत होती, म्हणून मी क्लिप लावली. ८१. पोटात गोळाच आला. भावाने गाडी काढली. संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, बेळगाव; वाटभर मी तिचे हात शालीत घेऊन चोळत होते. कॅज्युअल्टीत आकडा आला ९०. हात गार होते, एवढंच. बोटात रक्त नीट फिरत नसेल तर यंत्राला ठोका सापडत नाही आणि ते काहीही दाखवतं. तरी एक रात्र ठेवून घेऊ म्हणाले.

क्लिप डाव्या हाताच्या बोटाला. बीपीचा पट्टाही डाव्याच दंडाला, दर पंधरा मिनिटांनी आपोआप फुगणारा. दहाच्या सुमाराला अलार्म वाजला, ७६. सिस्टर धावत आल्या, ऑक्सिजन मिनिटाला एक लिटरचा दोन केला. थोड्या वेळाने परत तेच, दोनचा चार. मी स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत होते. चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं. आधी घर्र आवाज येतो, पट्टा फुगतो, मग स्क्रीनवरची लाट सपाट होते आणि त्यानंतर आकडा कोसळतो. पट्टा सुटला की अर्ध्या मिनिटात सगळं जागेवर. आईचा श्वास मात्र तसाच, एका लयीत. पट्टा दंडाची शीर दाबत होता, खाली बोटापर्यंत ठोकाच पोचत नव्हता!

मी जाऊन सांगितलं. मराठीत, मग मोडक्या कन्नडमध्ये, "सिस्टर, ई कै ब्याड, आ कै." हा हात नको, तो हात. उत्तर मिळालं, "तुम्ही बाहेर बसा." ड्यूटीवरचे डॉक्टर आले, त्यांनी आकडा पाहिला, आईकडे पाहिलं नाही, आणि मास्क लावायला सांगून गेले. मी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मला बाहेर काढलं. एवढंसं काम होतं, वेल्क्रो सोडून पट्टा पलीकडच्या दंडाला बांधायचा.

पहाटे आई हाकेला ओ देईना. नुसती "हं" करायची आणि डोळे मिटायची. मोठे डॉक्टर फेरीला आले, त्यांनी मनगटातून रक्त काढून तपासायला लावलं. कार्बन डायऑक्साइड चढलेला निघाला. त्यांनी मास्क काढून ऑक्सिजन परत एकवर आणला आणि स्वतः पट्टा उजव्या दंडाला बांधला. त्यानंतर तो अलार्म एकदाही वाजला नाही. दुपारी आईने चहा मागितला तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले.

आता घरी मी असं करते. पाच-दहा मिनिटं तिला टेकून बसवते, हात ऊबदार करते, मधल्या बोटाला क्लिप लावते. तर्जनी नाही, विड्या वळून तिचं ते नख जाड झालंय. हात मांडीवर स्थिर. पहिला आकडा लिहायचा नाही. मिनिटभर थांबायचं, ठरला की मगच. सोबत मनगटाची नाडी मोजायची. यंत्रावरचे ठोके आणि माझे ठोके जुळले नाहीत तर तो ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्यायचा. नेलपॉलिश असेल तर आधी पुसा. अंगणात उन्हात बसून मोजू नका. क्लिपमधून ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात, त्यात बाहेरचा उजेड मिसळला की गणित बिघडतं.

मात्र हात गरम करूनही आकडा खालीच राहिला, ओठ निळसर दिसले, वाक्य पुरं करताना दम लागला, तर मोजत बसू नका, निघा. आकडा चांगला असला तरी निघा. सावळ्या-काळ्या कातडीवर यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासानंतर यावर बरीच चर्चा झाली.

आणि हो, थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवत असाल तर हे आधीच सांगायला हवं होतं. तिच्या कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तसुद्धा ही क्लिप ऑक्सिजनचं म्हणूनच मोजते. माणूस गुदमरत असतो आणि आकडा असतो ९८. आमची शेगडी आता परसात असते.

आईच्या उशाशी एक वही आहे. पहिल्या पानावर मी मराठीत आणि शेजारच्या मास्तरांकडून कन्नडमध्येही लिहून घेतलंय: लेव्हल ८८ ते ९२, बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला. कुठल्याही दवाखान्यात गेलो की आधी ते पान पुढे करते.