'येणे' शीटवरच्या तारखा

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेबाचे काम पाहतो. सौदे झाले की खरेदीदार, पोती, वजन, दर आणि तारीख 'सौदे' नावाच्या शीटवर चढते; कोणाकडून किती पैसे कधी येणे आहेत, ते 'येणे' नावाच्या दुसऱ्या शीटवर मी रोज संध्याकाळी हाताने उतरवून काढत असे. आमच्या दुकानात मुदत एकवीस दिवसांची असल्याने, एक्सेलमध्ये सौद्याच्या तारखेत २१ मिळवणारा साधा फॉर्म्युला घातला आणि काम सुटले असे वाटले.

पण संगणकावर तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची, म्हणजे आधी महिना व मग दिवस, अशी होती. त्यामुळे १८/४/२०२४ ही तारीख त्याला कळलीच नाही. ती मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला राहिली, फॉर्म्युल्याने चूक दाखवली आणि मी ती लगेच दुरुस्त केली. ५/४/२०२४ मात्र त्याने बिनतक्रार ४ मे म्हणून घेतली. २६ एप्रिलला येणारी रक्कम यादीत २५ मेला दिसू लागली, आणि हे लक्षात आले ते मालकांनी आपली हाताने लिहिलेली वही उघडली तेव्हा. चूक दाखवणारा सेल परवडला, असे मला त्या दिवशी वाटले.

एक्सेल तारीख अंक म्हणून साठवते. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस. सेलचे स्वरूप अंकाचे केले की ५ एप्रिल २०२४ च्या जागी ४५३८७ दिसते, ४ मेच्या जागी ४५४१६. (लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी एक्सेलने १९०० मध्ये नसलेला २९ फेब्रुवारीही मोजला आहे, पण आमच्या व्यवहारांना त्याने काही फरक पडत नाही.) आता मांडणी बदलली आहे, शिवाय शंका आली की मी आकडा पाहतो.

उतरवण्याचे काम फिल्टर फंक्शनकडे दिले: देय तारीख आजची किंवा मागची आणि जमेचा रकाना रिकामा, अशा ओळी 'येणे'वर आपोआप येतात. सुरुवातीला रिकाम्या ओळीही येऊ लागल्या, कारण रिकाम्या सेलमध्ये २१ मिळवल्यावर २१ जानेवारी १९०० ही तारीख होते. म्हणून सौद्याची तारीख शून्याहून मोठी असावी, ही अट वाढवली.

खरा त्रास शेऱ्यांनी दिला. 'येणे'वर नावासमोर मी "फोन केला, सोमवारी देतो म्हणाले" असे लिहून ठेवत असे. एकाची रक्कम जमा होताच त्याची ओळ गेली, खालची नावे वर सरकली, पण शेरे जागच्या जागी राहिले आणि एकाचा वायदा दुसऱ्याच्या नावावर पडला. तेव्हापासून शेरा 'सौदे'च्या मूळ ओळीतच लिहितो आणि तो फिल्टरबरोबर 'येणे'वर येतो.