अम्स्टेड 100: साडेबारा मैलांच्या आठ फेऱ्या

नॉर्थ कॅरोलायनात रॉली-डरहॅम विमानतळाला लागून विल्यम बी. अम्स्टेड स्टेट पार्कचं जंगल आहे. ब्लेक नॉरवूड यांनी 1995 मध्ये तिथे सुरू केलेली 100 मैल धावण्याची शर्यत मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला असते. साडेबारा मैलांची एक फेरी, अशा आठ. मुदत 30 तास. चार फेऱ्यांवर थांबलात तरी 50 मैल पूर्ण केल्याची नोंद होते. पहिल्यांदा शंभर मैलांचा विचार करणाऱ्याला मी डोळे झाकून हीच शर्यत सुचवेन.

वाट घोडेस्वारांसाठी केलेली, रुंद आणि बारीक खडीची. सह्याद्रीतल्या निसरड्या पायवाटांवर सराव केलेल्याला ती पहिल्या फेरीत अगदी सोपी वाटते, आणि सांभाळायचं ते तिथेच. एका फेरीत सुमारे 1000 फूट चढ, म्हणजे एकूण 8000 फूट: आतकरवाडीतून सिंहगड चारेक वेळा चढण्याइतका. फरक एवढाच की इथला एकही चढ थांबायला लावत नाही. सगळे छोटे, पळून जाता येतील असे, आणि लगेच उतार. टर्की क्रीक ओढ्याच्या पट्ट्यात तर सपाटी अशी मिळतच नाही. पाय जातात ते या उतारांनी. मांड्यांचे पुढचे स्नायू दुपारपर्यंत दगड होतात.

म्हणून मी सुरुवातीपासून प्रत्येक चढ चालतच घेतला. शनिवारी सकाळी सहाला सुटलेल्या गर्दीत शेजारून लोक धावत जाताना हे जड जातं. पण अंधार पडल्यावर त्यातले बरेच जण उतारावरसुद्धा चालताना भेटले, तेव्हा माझे पाय उतारावर अजून पळत होते. कुठले चढ चालायचे हे पहिल्याच फेरीत ठरवून टाका. एखादा वाकडा पाइन, एखादा पूल अशा खुणा धरा आणि आठही फेऱ्या त्याच पाळा. रात्री दोनला डोकं चालत नाही. तेव्हा नवा निर्णय घ्यायची वेळच येऊ नये.

खरी परीक्षा कॅम्पात असते. फेरी संपते तिथे लॉज आहे, आत ऊब, गरम सूप, खुर्च्या आणि मनापासून काळजी करणारे स्वयंसेवक. 50 मैलांची सन्मानाने बाहेर पडायची वाटही तिथूनच जाते. ज्याने 50 चंच ठरवलंय त्याने आनंदाने थांबावं, ती लहान कामगिरी नाही. शंभर करायचे असतील तर चौथ्या फेरीनंतर खुर्चीत बसूच नका. आपली पेटी बाहेर ठेवा, पुढच्या फेरीला काय लागेल ते आधीच चिठ्ठीवर लिहा, ते उचला आणि खाणं हातात घेऊन चालू लागा. मी बिऱ्हाड मॉरिसव्हिलला मित्राकडे ठेवलं होतं. संध्याकाळी वहिनींनी थर्मासमधून मऊ मीठ-भात आणि तूप आणलं, तेही चालता चालताच खाल्लं. फेरीच्या मध्यावर आणखी एक मोठं खाण्यापिण्याचं ठिकाण आहे, त्यामुळे पाठीवर ओझं नको, हातातली एक बाटली पुरते. शाकाहारी असाल तर सूप कशाचं आहे ते विचारून घ्या. पळताना खायचं गोड जेल रात्री नकोसं होतं. गूळपोळीचे तुकडे आणि उकडलेला बटाटा मात्र शेवटपर्यंत गेला.

सोबतीला धावणाऱ्याला परवानगी उशिरा, साधारण निम्मं अंतर सरल्यावर मिळते; त्या वर्षीचा नेमका नियम पत्रकात पाहा. बोलका माणूस निवडा. मराठीत गप्पा मारणारं कुणी सहाव्या-सातव्या फेरीला मिळालं तर त्यासारखं औषध नाही.

सुरुवातीलाच विमानतळाच्या बाजूला जाऊन त्याच रस्त्याने परतायचा एक तुकडा आहे. मला तो सर्वांत आवडला, कारण समोरून येणारा प्रत्येक जण दिसतो आणि प्रत्येक जण काहीतरी बरं बोलतो. याच वाटेवर 2012 साली अमेरिकी धावपटू माइक मॉर्टन यांनी 13 तास 11 मिनिटांत शंभर मैल संपवले. त्या चढांवर पाय ठेवल्यावर तो आकडा किती अवाढव्य आहे ते कळतं.

हवेचा भरवसा धरू नका. दुपारी घाम, पहाटे कडाक्याची थंडी, मधे वादळी पाऊस, हे सगळं एका दिवसात होऊ शकतं. कोरडे मोजे आणि हातमोजे पेटीत हवेतच. शिवाय याच दिवसांत पाइनचे पराग उडतात. कस गेलेल्या शेतजमिनी सरकारने 1930 च्या दशकात घेऊन इथे जंगल वाढू दिलं, त्यात पाइन भरपूर. गाड्या, बूट, बाटल्या, सगळ्यांवर पिवळी पूड बसते. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलावं आणि औषध पेटीत नव्हे, अंगावर ठेवावं.

जागा साधारण अडीचशेच, नोंदणी आदल्या वर्षी उघडते आणि काही मिनिटांत भरते. त्या दिवशी माहिती भरून तयार बसा. राहायला विमानतळाजवळची हॉटेलं सोयीची. परतीचं विमान रविवारी ठेवू नका. आणि शर्यत पूर्ण केल्याचं बक्षीस म्हणून मिळणारं पट्ट्याचं बक्कल हातात आल्यावर गाडी स्वतः चालवायची नाही. घरी कोण नेणार ते शुक्रवारीच पक्कं करा.