टाळूवरचा अंबाडा

"आई, हिचा अंबाडा बघ, थेट टाळूवर!" लेक काचेला नाक लावून ओरडली. लंडनच्या म्युझियममधला गार्ड वळून बघायला लागला.

शर्टाच्या बटणापेक्षा जरा मोठं चांदीचं नाणं. जेमतेम तीन ग्रॅम. रोमन दिनारियस. त्यावर सम्राट अँटोनायनस पायसची बायको, फाउस्टिना. वेण्या वर गुंडाळलेल्या, आणि एवढ्याशा जागेत कोरणाऱ्याने पेड न पेड सुटा दाखवलाय. नाक मात्र झिजलंय.

कडेला अक्षरं: दिवा फाउस्टिना. दिवा म्हणजे देवी. आपल्या 'देव'चंच भावंड.

ती इ.स. १४०च्या सुमारास गेली. सिनेटने तिला देवी ठरवलं, रोमच्या मुख्य चौकात, फोरममध्ये, देऊळ उभं राहिलं. पुढे नवरा जाईपर्यंत, म्हणजे १६१पर्यंत, तिची नाणी पाडणं चालूच होतं. हयातीत पाडली त्याच्या कितीतरी पट.

"मग ती असताना का नाही एवढी काढली?"

मी म्हटलं, चल, भूक लागली असेल.

ट्यूबमध्ये, तिथल्या भुयारी रेल्वेत, बसल्यावर माझ्या आईचा फोटो आठवला. हार घालायला एकटीचा सापडेना, म्हणून लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून घेतलेला. खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलाय.