डावे मडगार्ड

आमच्या कोल्हापूरच्या घरामागे, जिथे पूर्वी म्हशींचा गोठा होता त्या शेडमध्ये, चार वर्षांपासून टाटा-मर्सिडीज-बेंझचा एल-312 ट्रक उभा आहे. माझ्या वडिलांनी उमेदीची वर्षे याच जातीच्या ट्रकवर काढली. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा भरून ते गुजरातेत उतरवायला जात आणि परतल्यावर हातपाय धुण्याआधी गाडीच्या बॉनेटवरून ओले फडके फिरवत. त्यांची गाडी केव्हाच मोडीत गेली. ही दुसऱ्या कोणाची तरी, एका ऊसमळ्याच्या बांधावर चाकांविना पडलेली. शेतकऱ्याने ती भंगाराच्या भावाने दिली, पण सांगाड्यावरचा क्रमांक स्वच्छ वाचता येत होता आणि सहा सिलिंडरचे 4.6 लिटरचे मूळ डिझेल इंजिन जागेवर होते, म्हणून मी ती घरी आणली.

या गाडीचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, हे लिहायलाही नको. आगगाडीची इंजिने बांधण्यासाठी 1945 मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या टेल्को या कंपनीने 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. सुमंत मुळगावकरांसारखा काटेकोर माणूस त्या कंपनीच्या उभारणीत होता आणि ती शिस्त आजही या गाडीचा एकेक बोल्ट सोडवताना जाणवते. करार 1969 मध्ये संपला, ट्रकच्या नाकावरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि पुढे मॉडेलेही बदलत गेली. इंजिनाचे, गिअरबॉक्सचे काही भाग पुढच्या गाड्यांचे जुळवून घेता येतात. पत्र्याचे तसे नाही. मडगार्ड, पायरी, बॅटरीची पेटी, बॉनेटखालच्या पट्ट्या यांपैकी जे गंजून गेले ते स्वतः करायचे किंवा त्यावाचून राहायचे, एवढेच दोन मार्ग उरतात.

त्यातही दोन प्रकार आहेत. त्या काळी कारखान्यातून बहुधा इंजिन, सांगाडा आणि बॉनेटपर्यंतचा पुढचा भागच येत असे. केबिन आणि हौदा गावोगावचे बॉडीवाले लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बांधत. केबिनचा पत्रा मुळातच हाताने घडलेला, त्यामुळे तो पुन्हा हाताने घडवणे अवघड नाही. मडगार्ड मात्र कारखान्याच्या प्रेसमध्ये साच्याखाली दाबून काढलेले असते. पत्र्याला जो गोलवा साच्याने काही क्षणांत दिला तो मला हातोडीच्या हजारो ठोक्यांनी द्यायचा होता. उजवे मडगार्ड बऱ्यापैकी शाबूत होते. डाव्याचा मात्र खालचा तिसरा हिस्सा हाताने चुरडला जाईल असा झाला होता.

पहिला निर्णय किती कापायचे याचा होता. संपूर्ण नवे मडगार्ड करणे एका अर्थी सोपे असते, कारण सगळा पत्रा सारखा मिळतो आणि जोड येत नाही. पण जो पत्रा जिवंत आहे तो काढू नये, असे माझे ठाम मत आहे. गाडी जुनी म्हणजे तिचे धातू जुने. तेच काढून टाकले तर आपण जुन्या गाडीची प्रतिकृती करत बसतो. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून रंग आणि गंज काढत वर सरकत गेलो आणि मायक्रोमीटरने मोजत राहिलो. वरच्या निरोगी भागात पत्रा 1.2 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या दुकानदारांच्या भाषेत 18 गेजचा होता. जिथे तो 0.9 च्या खाली गेला तिथे खडूची रेघ मारली आणि त्याच रेघेवर कापले.

साचा म्हणून उजव्या मडगार्डवरून तपकिरी कागदाचे नमुने काढले आणि ते उलटे करून डाव्या बाजूला लावले, तेव्हा कळले की ते बसत नाहीत. समोरून पाहताना दोन्ही बाजू एकसारख्या वाटतात. मोजल्यावर पायरीजवळ जवळजवळ 9 मिलिमीटरचा फरक निघाला. कदाचित कधीकाळी गाडीला मार बसला असेल, कदाचित डाव्या बाजूचा ब्रॅकेट कोणी सरळ करताना कमीजास्त केला असेल. कारण काही असो, कागदाला शरण जाऊन चालणार नव्हते. मग सहा मिलिमीटरच्या सळया वाकवून त्यांचा पिंजरा थेट ट्रकवरच उभा केला, ब्रॅकेटला आणि उरलेल्या मडगार्डला चिमटे लावून पकडला, आणि नवा पत्रा दर थोड्या वेळाने त्या पिंजऱ्यावर ठेवून पाहायचा असा नेम ठेवला.

घडाई बाभळीच्या ओंडक्यावर केली. ओंडक्याच्या माथ्यावर ताटलीएवढा खळगा कोरला, शेजारी वाळूची चामडी पिशवी ठेवली आणि लाकडी मोगरीने कोल्ड रोल्ड पत्रा खळग्यात ठोकायला सुरुवात केली. पत्र्याचे गणित साधे आहे, पण ते हाताला उमगायला वेळ लागतो. ठोका बसला की धातू त्या जागी पातळ होऊन पसरतो आणि पसरायला जागा नसल्यामुळे फुगतो. म्हणून मध्यभागी पसरवायचे आणि काठाशी आखडायचे, तेव्हा कुठे वाटीसारखा गोलवा येतो. काठ आखडण्यासाठी चिमट्याने लहान चुण्या पाडायच्या आणि त्या चुण्या निसटू न देता टोकाकडून आत ठोकत न्यायच्या, म्हणजे जादाचा पत्रा जाडीत मुरतो. ठोके खाऊन पत्रा कडक होत जातो. तो हातोडीला उलट उत्तर देऊ लागला की गॅसच्या टॉर्चने मंद लाल करून सावकाश थंड होऊ द्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचे.

आकार आल्यावरचे काम म्हणजे मठारणे, म्हणजे हलक्या ठोक्यांनी पत्रा एकसारखा करणे. पुण्याच्या तांबट आळीतली भांडी ज्यांनी पाहिली असतील त्यांना मठारकाम परिचित आहे. तांब्यावर ठोक्यांचा तो ठसा शोभेसाठी ठेवतात, मला मात्र तो पूर्ण पुसायचा होता. खालून गोल ऐरणी, वरून चकचकीत तोंडाची हातोडी आणि मध्ये पत्रा, असे ठोके एकमेकांवर अर्धे चढवत जावे लागतात. हे मला एका म्हाताऱ्या पत्रा मिस्त्रींनी दाखवले. ते आता दुकानात बसत नाहीत, पण शेडमध्ये आले, खिशातला हातरुमाल पत्र्यावर पसरला आणि त्यावरून तळवा फिरवत म्हणाले, “डोळ्याला कळत नाही बाळा, हाताला कळतंय. हितं खड्डा हाय.” मला काही दिसत नव्हते. सरळपट्टी उभी धरली तेव्हा तिच्याखालून उजेडाची बारीक फट दिसली.

यानंतर माझी मोठी चूक झाली. नवा तुकडा जुन्या मडगार्डला इतका सुरेख बसला होता की उत्साहाच्या भरात मी जवळजवळ एक वीत जोड एका दमात वेल्ड केला. संध्याकाळी गार झाल्यावर पाहतो तो जोडाच्या दोन्ही बाजूंना पत्रा लाटेसारखा उठलेला, आणि अंगठ्याने दाबला की टपकन आत जाऊन पुन्हा बाहेर येणारा. वेल्डिंगचा रस गोठताना आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढून घेतो. सलग वेल्ड केले की ही ओढ साठत जाते. नियम मला ठाऊक होता: आधी बोटबोटभर अंतरावर टाके मारायचे, मग एक टाका इकडे तर पुढचा दूर तिकडे, आणि मधल्या वेळात जोड हात लावण्याइतका गार होऊ द्यायचा. तो मी पाळला नाही आणि त्यापायी तीन रविवार गेले.

दुरुस्तीसाठी दोन उपाय लागले. आकसलेला जोड ग्राइंडरने पत्र्याच्या पातळीला आणून ऐरणीवर ठोकून पुन्हा पसरवला. तरीही जिथे फुगवटा राहिला तिथे रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका लाल केला आणि ओल्या फडक्याने विझवला. माझे आजोबा बैलगाडीच्या चाकांना धाव बसवत. लोखंडी धाव तापवून मोठी करायची, लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतले की ती आवळून बसते, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. पत्र्यावरच्या ठिपक्यात मात्र एक गोष्ट वेगळी घडते. तापलेल्या ठिपक्याला आजूबाजूचा गार पत्रा पसरू देत नाही, म्हणून तो जाडीत फुगतो, आणि गार होताना आधीपेक्षा लहान होऊन सभोवतालचा पत्रा ताणून धरतो. अकरा ठिपक्यांनंतर अंगठ्याखालचा तो टपकन आवाज थांबला. तिथे पोटीन थापून वरून रंग मारता आला असता आणि कोणाला समजलेही नसते. पण जाड पोटीन ट्रकच्या हादऱ्यांनी तडकते, चिरेतून पाणी आत जाते आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो.

मडगार्डच्या काठात तार होती, तीही जशीच्या तशी घातली. तारेच्या व्यासाच्या अडीच पट पत्रा वळवण्यासाठी जादा ठेवावा लागतो. सहा मिलिमीटरच्या तारेला पंधरा. हा हिशोब पहिल्याच दिवशी, कापण्यापूर्वी करून ठेवला होता, ते बरे झाले.

बाकीच्या कामांविषयी थोडक्यात सांगतो. कमानपाट्यांच्या पिना आणि बुश मी घरी केले नाहीत. मापे घेऊन उद्यमनगरातल्या लेथवाल्यांकडे गेलो, बुश गनमेटलचे आणि पिना एन-353 पोलादाच्या, केस हार्डनिंग करून, म्हणजे फक्त वरचा थर कडक करून, ग्राइंड केलेल्या. ब्रेक आणि स्टीअरिंगचा एकही भाग घरी घडवायचा नाही आणि सांगाड्याच्या पट्ट्यांवर वेल्डिंगची ठिणगी पडू द्यायची नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवले होते. तिथे मूळ रिव्हेट होते आणि रिव्हेटच राहतील. डिझेलच्या जुन्या टाकीला ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोड, करण्याआधी ती आतून धुऊन जोडापर्यंत पाण्याने भरली, कारण रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफच माणसाचा जीव घेते. गाडी जर्मन वळणाची असल्याने आटे मेट्रिक आहेत आणि पूर्वी कोणीतरी दोन ठिकाणी विटवर्थचे, म्हणजे जुन्या इंची आट्यांचे, बोल्ट जबरदस्तीने पिळून आटे बिघडवले होते, ती भोके भरून नव्याने टॅप करावी लागली.

गेल्या रविवारी डावे मडगार्ड शेवटचे उचलून ब्रॅकेटवर ठेवले. वडील आता पंचाऐंशीचे आहेत. त्यांना खुर्चीवर बसवून शेडच्या दाराशी आणले होते. चारही बोल्ट पान्याविना, नुसत्या बोटांनी, शेवटच्या आट्यापर्यंत फिरत गेले. वडिलांनी खुर्ची पुढे ओढायला लावली, नव्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि जुना पत्रा कुठे संपतो ते हाताने शोधत बराच वेळ तसेच बसून राहिले.