तुम्ही विचारलंत म्हणून: किडनीची गॅरंटी किती वर्षांची?

ट्रान्सप्लांटची तारीख ठरली की घरचे हे विचारतातच. आकडा हवाच असेल तर घ्या: जिवंत माणसाने दिलेली किडनी सरासरी १५ ते २० वर्षं चालते, मेंदूमृत दात्याची १० ते १२. पण सरासरी म्हणजे तुमचा मुलगा नव्हे. १९५४ मध्ये बॉस्टनला पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. शरीराने किडनी नाकारण्याचा प्रश्नच नव्हता, तरी घेणारा भाऊ आठ वर्षांनी गेला. मूळच्या आजाराने नव्या किडनीलाही गाठलं होतं. देणारा २०१० पर्यंत जगला.

बाकीच्यांची किडनी सकाळी आठ आणि रात्री आठवर टिकते. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं औषध, बारा तासांनीच घ्यायचं आणि लेव्हलचं, म्हणजे ते रक्तात किती आहे हे बघायचं, रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं. गोळी गिळून लॅबमध्ये आलात तर लेव्हल खोटी जास्त दिसते, डोस उतरवला जातो आणि रिजेक्शनला, म्हणजे किडनी नाकारली जायला, दार उघडतं. हे पहिल्या वर्षी सगळ्यांना पाठ असतं.

चौथं वर्ष धरा. आईची किडनी, क्रिएटिनिन (रक्तातला आकडा, किडनी बिघडली की वाढतो) १.२, सगळे निर्धास्त, तपासणी तीन महिन्यांवर गेलेली. संध्याकाळी कणकण येते, खोकला लागतो, वजन उतरतं. जवळच्या दवाखान्यात थुंकी तपासून टीबीच्या गोळ्या सुरू होतात. निदान बरोबर, औषधही बरोबर, पण दुसऱ्या कुणासाठी. त्या एका गोळीत चार औषधं असतात, त्यातलं एक रिफाम्पिसिन. लघवी नारिंगी होते ती त्यानेच. ते आतड्यातली आणि यकृतातली एन्झाइम्स इतकी वाढवतं की टॅक्रोलिमस रक्तात नीट पोचायच्या आतच मोडतं. डोस तोच, वेळ तीच, एकही गोळी चुकलेली नाही, आणि लेव्हल दोन आठवड्यांत ६ वरून २ च्या खाली. दुखत काहीच नाही. उलट ताप उतरतो, भूक लागते, घरचे खूश. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन २.८. मग बायोप्सी, तीन दिवस सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. आकडा २ पर्यंत उतरतो आणि तिथेच अडतो. किडनीत जिथे व्रण धरला तो भाग गेला तो गेलाच.

आणि बाहेर बाकावरची आई विचारते, 'माझीच किडनी अशक्त होती का?'

नव्हती. रिफाम्पिसिनऐवजी लिव्होफ्लॉक्सासिन किंवा रिफाब्युटिन घेऊन उपचार बसवता येतात. रिफाम्पिसिन द्यावंच लागलं तर टॅक्रोलिमस दुप्पट-तिप्पट किंवा आणखीही वाढवून वरचेवर लेव्हल बघावी लागते. कोर्स संपला की उलटा धोका: लेव्हल उसळते, आणि डोस वेळेत उतरवला नाही तर तेच टॅक्रोलिमस किडनीला बाधतं. आम्हाला विचारायला एका फोनचं काम होतं. पेशंटने केला नाही म्हणून त्याला बोलणं सोपं आहे. आम्ही सांगतो, 'बाहेरचं औषध विचारल्याशिवाय घेऊ नका.' टीबीचं सरकारी औषध कुणाला बाहेरचं वाटतं?

दुसरं, जे दाता सहसा विचारत नाही. 'एका किडनीवर माणूस आरामात जगतो' हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षं बिनदिक्कत म्हटलं. खोटं नाही ते. उरलेली किडनी वाढते आणि आधीच्या दोघींच्या मिळून ६५-७० टक्के काम उचलते. पण अमेरिकेतल्या ९६ हजार दात्यांच्या २०१४ च्या अभ्यासात १५ वर्षांत दर १०,००० दात्यांमागे साधारण ३१ जणांची किडनी निकामी झाली. तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या लोकांत ४. धोका लहान आहे, शून्य नाही. हे सांगितलं तर देणारा मागे फिरेल, अशी तेव्हाची समजूत. डायलिसिसवरचा माणूस समोर असताना ती समजूत पटायचीही. आजही ती पूर्ण चूक होती असं म्हणवत नाही. दात्याला दर वर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन) तपासायला बोलावलं जात नाही, ही मात्र सरळ हयगय. त्याच्या अंगदुखीवर कुणी डायक्लोफेनॅकसारखी किडनीला बाधणारी वेदनाशामक गोळी देतं तेव्हा आपली किडनी एकच आहे हे त्याने सांगायचं असतं, हेही त्याला कुणी बजावत नाही.

आणि घेणारा पस्तिशीचा, आई ५५ ची, बहीण २६ ची, दोघी जुळतात, तेव्हा? बहिणीची किडनी जास्त वर्षं चालण्याची शक्यता. पण तिच्यापुढे सगळं आयुष्य आहे, बाळंतपणं आहेत, आणि किडनी दिलेल्या बायकांना गरोदरपणात बीपीचा त्रास ११ टक्के, न दिलेल्यांना ५. म्हणून आम्ही आईकडे बोट दाखवतो. शिवाय पस्तिशीच्या माणसाला पुढे दुसरी किडनी लागण्याची बरीच शक्यता असते, तेव्हा बहीण शिल्लक राहते. हे आम्ही तिच्यासमोरच बोलतो. 'शिल्लक'ऐवजी कुठला शब्द वापरायचा, ते अजून सापडलेलं नाही.